जावयाची लापशी

परमेश्वराने धान्य म्हणून एकच वस्तू निर्माण केली आणि ती म्हणजे भात. गहू, ज्वारी, बाजरी वगैरे प्रकार भात नशिबी नसलेल्यांची समजूत काढण्यासाठी मागाहून जोडले, असे माझ्या सासऱ्यांचे मत होते. मत कसले, श्रद्धाच. रेवदंड्याच्या अलीकडे खाडीकाठी त्यांची थोडी खारी जमीन आहे. बांध फुटला की भरतीचे पाणी आत शिरते आणि पुढची दोन-तीन वर्षे तिथे काही पिकत नाही. या जमिनीतला जाड, तांबूस तांदूळ ते जन्मभर खात आले, आणि मासे सोडले तर जगात आणखी काही खाण्याजोगे असेल अशी शंकासुद्धा त्यांना कधी शिवली नाही. चपातीबद्दल विचारले तर म्हणायचे, "हात पुसायला बरी हाय."

तांदूळ दिसला की दोन दाणे दाताखाली घालून त्याची जन्मपत्रिका सांगायची, ही त्यांची खोड. वाण्याच्या दुकानात एक वेळ ठीक आहे, पण माझ्या लग्नात मंगलाष्टके चालू असताना वधूचा हा बाप अक्षता टाकायच्या सोडून चावत उभा होता. अंतरपाट दूर झाला तेव्हा मला बायकोच्या चेहऱ्याआधी सासऱ्यांचे कुंकवाने लाल झालेले दात दिसले. "दोन सालांचा जुना हाय," ते भटजींना सांगत होते, "आनि किडका." एकदा त्यांना पालीला दर्शनाला घेऊन गेलो. परतताना हॉटेलात त्यांनी दोन मिसळी, सहा पाव आणि चार बटाटेवडे खाल्ले, आणि गाडीत बसल्यावर खोल आवाजात म्हणाले, "सकालपासून पोटात अन्न न्हाय." घरी येऊन ताटात भाताचा डोंगर आणि त्यावर मांदेलीचे कालवण घेतले, तेव्हा कुठे त्यांचा उपास सुटला.

अशा माणसाला शिमग्याच्या सुमारास साखर निघाली. डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितला. बायकोचे ऐकायचे नाही, मुलांचे ऐकायचे नाही आणि डॉक्टरांचे तर ऐकूच येत नाही, असा त्यांचा खाक्या. सासूबाईंनी मला फोन केला. "तुमी सांगा. जावयाचा शब्द त्ये खाली पडू देनार न्हायत." जावयाला नाही म्हणायचे नाही हा त्यांचा एकमेव कमकुवत बांध होता, आणि तो मला दाखवून देण्यात आला. मी मुंबईहून ओट्सचा मोठा डबा घेतला, मांडव्याला बोटीने उतरलो आणि जावयाच्या तोऱ्यात सांगून टाकले, "बाबा, भात बंद. सकाळ-संध्याकाळ हे." डॉक्टर 'कमी' म्हणाले होते, 'बंद' मी म्हणालो. 'कमी' म्हटले तर यांचा डोंगर फार तर टेकडी होईल, असा माझा हिशेब. शिवाय, कबूल करतो, माझ्या शब्दाला एवढे वजन दुसऱ्या कोणत्याच घरात नव्हते, माझ्या स्वतःच्या तर नव्हतेच.

"ह्याला आपल्यात काय म्हनतात?" त्यांनी डबा हलवून विचारले. मी जई हा शब्द शोधून गेलो होतो. जई म्हणतात, आणि उत्तरेकडे घोड्यालाही घालतात, हेही उत्साहाच्या भरात बोलून गेलो. "मंग घोडा काय म्हनतो?" त्यांनी गंभीरपणे विचारले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. शेतकऱ्याने बियाणे पारखावे तसे त्यांनी मूठभर ओट्स ओल्या फडक्यात बांधून कोपऱ्यात ठेवले. चौथ्या दिवशी फोन आला. "जावयबापू, येकालापन मोड न्हाय. वास मारतंय." ते दाणे वाफवून चपटे केलेले असतात, रुजणार कसे, असे मी समजावले. "म्हंजे मारलेत. जे रुजत न्हाय त्यानं मानसाच्या अंगात जीव कुठून येनार?" यावर मी जरा आवाज चढवला.

आणि त्यांनी खाल्ले. दहा महिने, दोन्ही वेळा. सुक्या बोंबलाच्या चटणीशी खाल्ले, कोळंबीच्या कालवणात कालवून खाल्ले. "कालवनाची अब्रू गेली," एवढेच म्हणाले. गावच्या लग्नात भात वाढायला कोणी आले की ताटावर आडवा हात धरून, थोड्या ऐटीतच, सांगायचे, "न्हाय. आमची जावयाची लापशी हाय घरी." साखर उतरली. मी ऑफिसात ही हकिकत रंगवून सांगत असे.

कापणीनंतर त्यांच्याकडे नव्या तांदळाचा पहिला भात देवाला दाखवतात आणि घरातला कर्ता पहिला घास घेतो. त्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. मी साहेबांच्या केबिनबाहेर फाईल घेऊन उभा होतो.

"जावयबापू, नव्याचा भात हाय. येक घास घेऊ का?"

"बाबा, इतके महिने सांभाळलंत, आता एका घासासाठी मोडायचं? पुढच्या वर्षी बघू."

"बरं," ते म्हणाले. "तुमी म्हनता तर बरं."

पहिला घास त्यांनी थोरल्या मुलाला घ्यायला लावला, हे मला नंतर कळले. सगळ्यांना आपल्या हाताने वाढले आणि मग ओटीवर जाऊन ती बोटे बराच वेळ नाकाशी धरून बसले.

माघात ते बांधावर बसल्या बसल्या गेले. हृदय थांबले. साखरेचा त्यात काही संबंध नव्हता, असे डॉक्टरच म्हणाले. त्या एका घासाने काय झाले असते, हे मी डॉक्टरांना विचारले नाही. उत्तर मला ठाऊक होते.

पुढच्या वर्षी नव्याच्या भाताला आम्ही दोघे गेलो. सासूबाईंनी माझ्या ताटात दोन मोठे डाव भात वाढला. मी थोडाच म्हणालो तर त्यांनी आणखी एक डाव वाढला.

"खावा आता पोटभर," त्या म्हणाल्या. "त्यांच्यापायी तुमीपन सोडलेला ना भात? त्ये सगल्यांना सांगायचे, मी येकटा न्हाय, जावयबापूपन थितं लापशीच खातात. म्हनून तर खायचे."

बायकोने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. मी ओट्स आजतागायत चाखलेले नाहीत. त्या दहा महिन्यांत रोज दोन्ही वेळा मी भात जेवत होतो, आणि तोही त्यांनीच पाठवलेल्या तांदळाचा.

"हो," मी म्हणालो, आणि जेवायला सुरुवात केली.