विश्राम आवडणारी नववी

काशीमीऱ्याजवळच्या एका मराठी शाळेत मी खेळाची शिक्षिका आहे. नववीला आठवड्यात पीटीचा एकच तास, आणि त्यावरही गणिताच्या बाईंचा डोळा. "तुमचा ऑफ तास द्या ना, पोर्शन राहिलाय," असं त्या शेजारणीकडे विरजण मागावं तसं मागायच्या. खेळाला आमच्याकडे ऑफ तास म्हणतात.

गेल्या वर्षी दोन परदेशी पाहुण्या येणार होत्या. देशोदेशीच्या शाळांतला खेळाचा तास सुधारायचा, हे त्यांचं काम. त्या सांगतील त्यावर नववीचा तास वाढवायचा की गणिताला द्यायचा ते ठरेल, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की त्याच दिवशी मुलींचा खो-खो सुरू केला.

"खो-खो नको, धूळ उडते," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पाहुण्यांना शिस्त दाखवा."

झालं, खो-खोलाच खो घातला. मग आठवडाभर भर उन्हात सावधान, विश्राम, सावधान, विश्राम.

पाहुण्यांनी पडद्यावर आपापल्या देशांतली मुलं दाखवली. कुणी बर्फावरून घसरतंय, कुणी तलावात पोहतंय. "आमच्याकडे जागेचा प्रॉब्लेम आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या. अर्ध्या मैदानात त्यांचीच गाडी उभी होती.

मग एका पाहुणीने इंग्रजीच्या सरांमार्फत राई गावातल्या एका मुलीला विचारलं, पीटीत तुला सगळ्यात जास्त काय आवडतं?

"विश्राम," ती म्हणाली. "सावधानात पाय दुखतात. बाकी काय करतच न्हाय."

सरांनी पहिल्या शब्दाचं तेवढं भाषांतर केलं: रेस्ट. पाहुण्यांचे चेहरे कळवळले. मुलं फार दमतात, त्यांना आराम द्या, असं सांगून त्या गेल्या. मी मुख्याध्यापिकांना समजावत राहिले, अहो, विश्राम म्हणजे आराम नव्हे, ती ऑर्डर असते.

"मॅडम, तुम्ही पीटीच्या. मराठी आम्हाला कळतं," त्या म्हणाल्या. रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

वेळापत्रकात तो तास अजून पीटीचाच आहे. फक्त वर्गात होतो, पंख्याखाली, आणि गणिताच्या बाई घेतात. आराम होतो, पोर्शनही होतो. शिस्तीला म्हणून मला दारात उभं करतात. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरी त्या, किती वेळ बसतील? कुणी पाणी प्यायला उठते, कुणी नुसतीच उठते. आणि मी, खेळाची शिक्षिका, त्यांना खाली बसवते.