मीठ मारलेली गाडी

माझ्या जुन्या पद्मिनी गाडीच्या पुढच्या दाराला एक छोटी त्रिकोणी काच आहे. ती तिरकी केली की वारा थेट बसणाऱ्याच्या तोंडावर येतो. आई माझ्या घरी येणार की नाही, हे त्या काचेवर ठरायचं होतं.

हातगाडीवर भंगार गोळा करण्यापासून सुरुवात करून मी बोईसरला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला गोदामातले हमाल जेवले, सोसायटीचा वॉचमन दोनदा जेवला. आई आली नाही. बंद काचांच्या एसी गाडीत तिला उलट्या होतात आणि रिक्षात कंबर धरते, असा निरोप आला. माझ्या मते खरं कारण वेगळं होतं. दातिवऱ्याला थोरल्या भावाकडे तिचं बरं चाललं होतं. मी पाठवलेल्या मिक्सरमध्ये वाटण करून ती त्याच्या पानात वाढायची आणि गावात सांगायची, मोठा मुलगा सांभाळतो.

या दिवाळीनंतर मात्र फोनवर म्हणाली, "तुजी ती जुनी गाडी हाय ना, तिच्यातून नेशील तर येन."

गाडीही भावाकडेच होती. जुन्या भाड्याच्या घराखाली जागा नव्हती, म्हणून मी ती त्याच्या पडवीत ठेवली होती. "मी बगतो," तो म्हणाला होता. त्याने बघितलं ते असं. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून शाकारतात, तशी त्याने गाडी शाकारली. प्लास्टिक, त्यावर झावळ्या, वरून जाळ्याच्या दोरीने करकचून बांधलेली. होडी उघडी असते, तिच्यात हवा खेळते. गाडीच्या काचा बंद होत्या.

पालघरचा मेकॅनिक घेऊन मी दातिवऱ्याला गेलो. त्याने इंजिन एका दिवसात चालू केलं. मग उघड्या दारातून आत बोट दाखवत म्हणाला, "आतलं माझं काम नाय, शेठ."

स्टिअरिंगवर पांढरी लव आली होती. सीटवर हिरवी, छताच्या कापडावर काळे ठिपके.

"दादा, ही काय गाडी ठेवलीस?"

"ठेवली हाय ना? चोरीला गेली का?"

"आत बघ."

त्याने बघितलं. "पावसात सगल्यालाच बुरशी येते."

"तुझ्या होडीला आली का?"

"होडी मी वापरतो."

यावर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. वहिनी दारात चहा घेऊन उभी होती. "भावजी, चहा पिऊन भांडा. थंड होल."

मी चहा घेतला नाही. गाडीतलं पायाखालचं रबर उपटलं. त्याखालची तागाची गादी चिंब होती आणि तिच्यावर खडेमीठ होतं. सीटच्या शिवणीतही मीठ. पावसाळी हवेत मीठ पाणी ओढतं, हे समुद्रकाठच्या माणसाला मी शिकवायचं?

"गाडीला मीठ कोणी मारलं?" मी ओरडलो. "ही काय खारवायची सुरमई आहे?"

वहिनी कपात बघू लागली. भाऊ उगाच नारळाच्या झाडाकडे बघू लागला.

"मी मारलं," ओट्यावरून आई म्हणाली. "गाडीला वल धरली होती. मीठ वल खातं. मासली टिकते तर गाडी का नाय टिकनार? दर अमावास्येला दोरी सोडून टाकत होते."

भंगाराच्या काट्यावर मी अर्ध्या किलोसाठी माणसाची गचांडी धरलेली आहे. पण इथे मी मिठाचा एक खडा उचलून बघितला.

"मीठ चांगल्या जातीचं आहे," मी म्हणालो.

नंतर भावाला बाजूला घेतलं. "तू आधी का बोलला नाहीस?"

"तू बोलायचा थांबलास कुठं?"

कामाला लागलो. चारही दारं उघडून गाडी उन्हात ढकलली. कोरडी बुरशी आतच झाडली तर ती उडून पुन्हा सगळीकडे बसते, म्हणून नटबोल्ट काढून सीटा बाहेर आणल्या आणि नाकाला फडकं बांधून वाऱ्याच्या दिशेने ब्रश मारला. तागाची गादी फेकून दिली. रेक्झिन आणि दाराचे पुठ्ठे व्हिनेगर-पाण्याच्या फडक्याने पुसले. छताला फडकं घट्ट पिळून लावलं, कारण ते भिजलं की गोंद सुटतो आणि कापड डोक्यावर येतं. मीठ गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावं लागलं. ते पाणी भाऊ विहिरीवरून आणत होता. मी सांगितलं नव्हतं.

सीटा वाळवायला वहिनीची जवळा सुकवायची जागा सोडून दुसरीकडे ऊन नव्हतं.

"आनि माजा जवळा कुटं घालू? तुमच्या फ्लॅटमधे?"

बरीच घासाघीस झाली. दुपारनंतर अर्धी जागा मिळाली. बदल्यात तिच्या माहेरच्या लग्नाला गाडी द्यायचं मी कबूल केलं. वहिनीसारखं गिऱ्हाईक माझ्या गोदामात येत नाही, हे माझं नशीब.

सगळं कोरडं झाल्यावर आई पुढच्या सीटवर बसली. वास घेतला. एडवण गेलं, केळवं गेलं, त्रिकोणी काचेतून वारा येत राहिला. उमरोळीला मी विचारलं, "मळमळतंय?"

"पुडं बग."

बोईसरला तिने घर पाहिलं. नळ सोडून पाहिला, गॅलरीतून खाली पाहिलं, आणि म्हणाली, "छान हाय. सकाली सोड मना."

मी महिन्यापासून सुरुवात केली. पंधरवड्यावर आलो. आठवड्यावर आलो.

"एक रात," ती म्हणाली.

"वहिनी आहे ना तिकडे!"

"ती बाजारात जाते. त्याला भाकरी कोन घालनार?"

"आणि मला इतकी वर्षं कोण घालतंय?"

"तुला बायको हाय." बायको आत भांडी लावत होती, तिने हसू दाबलं ते मला ऐकू आलं. "मग जा तिकडेच!" असं म्हणून मी उठलो. व्यवहार फिसकटला.

सकाळी तिची पिशवी दाराशी तयार होती. ती चहा पीत असताना मी खाली गेलो, तिच्या बाजूच्या सीटचे बोल्ट काढले आणि सीट खांद्यावर घालून गच्चीवर नेऊन उन्हात टाकली. परत येऊन सांगितलं, "गाडी निघत नाही. सीटला अजून ओल आहे."

आई कठडा धरत गच्चीवर आली. सीटवर तळहात दाबला, शिवणीत बोट घालून पाहिलं. सीट कडकडीत कोरडी होती. तिने ती माझ्याकडून उलटी करून घेतली आणि सूर्य कुठे आहे ते बघून थोडी सरकवायला लावली.

"अजून चार-पाच उन्हं लागतील," ती म्हणाली. "इकडं ताजी मासली कुटं मिलते?"