बाळासोंनी दुरुस्त केलेली मधाची दारू

राजारामपुरीतल्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर बाळासो राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. चांगल्या वस्तूकडे हा माणूस ढुंकून बघत नाही. ती बिघडली की मात्र तिची सेवा करावी ती त्यांनीच. स्कूटर गंजली तेव्हा धुतली, दात हलायला लागले तेव्हा घासले.

मुरगूडचे त्यांचे व्याही जोतीराम मधमाश्या पाळतात. गेल्या वर्षी त्यांनी मधाचा डबा दिला. बाळासोंनी मोबाइलवर बघून, पाणी आणि यीस्ट घालून त्याची दारू लावली, लेकीसारखी सांभाळतो म्हणून व्याह्यांना सांगितलं आणि बरणी कॉटखाली सारून विसरले. आता व्याह्यांची लेक पूर्णिमा याच घरात सून म्हणून नांदते, तेव्हा हे बोलणं साधं नव्हतं. मग यंदा एका बुधवारी फोन आला, रविवारी चव बघायला येतोय.

बरणी उघडली तर सडक्या अंड्याचा वास, वर आंबट. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते, म्हणून माझ्याकडे धाव. मी सांगितलं, गाळ तळाशी ठेवून वरचं ओतून घ्या, घासलेली तांब्याची पळी त्यात थोडा वेळ फिरवा, वास जाईल. आंबटपणा हवा लागून आलाय, तो जायचा नाही. व्हिनेगर झालं म्हणा आणि लोणच्यात घाला.

वास खरंच गेला. पण तिथं थांबतील तर ते बाळासो कसले! कोल्हापुरात चव बिघडली की निदान एकच, तिखट कमी पडलं. आलं घातलं, लवंग, मिरी, आणि शेवटी मूठभर लाल मिरच्या.

रविवारी जोतीराम आले. व्याह्यानं ओतलेलं टाकायचं नसतं, म्हणून पेला रिकामा केला आणि डोळे पुसले.

"पावणं, रस्सा झकास झालाय. मटण कुठं हाय?"

बाळासो गंभीरपणे म्हणाले, वर्षभर राखलंय, उगं न्हाय. जोतीरामांनी लेकीकडे बघितलं. "व्हय गं?"

पूर्णिमा खोटं बोलत नाही, आणि सासऱ्याला चारचौघांत उघडंही पाडत नाही.

"राखलं की," ती म्हणाली, "बुधवारपासनं."

जोतीराम खो खो हसले. हसता हसताच पिशवीतून यंदाच्या मधाचा डबा काढला आणि बाळासोंच्या पुढं आलेल्या हातांवरून थेट लेकीला दिला.

बाळासो म्हणाले, बरं झालं, तेवढाच व्याप कमी. आणि स्वतःचा भरलेला पेला घेऊन मोरीकडे गेले.