शेठला विचारून सांगतो

कुजलेल्या मासळीचा वास हाताला लागला की साबणाने जात नाही, लिंबाने थोडाफार जातो. त्या वासाची मला सवय आहे. मला खरी किळस येते ती माझ्याच तोंडच्या एका वाक्याची. शेठला विचारून सांगतो.

अलिबागच्या एका दुकानात मी बारा वर्षं फ्रिज आणि एसी दुरुस्त केले. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत मशीन टिकत नाही, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. दुकानाचा नियम असा की कारागिराने मशीन उघडायचं, बघायचं आणि गिऱ्हाइकाला एवढंच सांगायचं, शेठला विचारून सांगतो. पहिल्याच वर्षी मी आगाऊपणा केला. एका बंगल्यावर छाती फुगवून 'कॉम्प्रेसर गेला' म्हणालो, आणि निघाली साधी तुटलेली वायर. शेठने बंगलेवाल्यासमोर माझ्या डोक्यात टपली मारली. "तू हात चालव. डोकं मी चालवतो." बंगलेवाला हसला. मीही हसलो, दात काढून. आणि पुढची अकरा वर्षं तेच खरं धरून चाललो, की आपले हात चांगले आहेत, डोक्याचं काही खरं नाही.

मग शेठ थकले आणि दुकान बंद झालं. म्हणून मी आगरदांड्याजवळ आमच्या गावी स्वतःचं काम सुरू केलं. मर्दुमकी वगैरे काही नव्हती, दुसरा इलाज नव्हता. बायकोने हौसेने कार्डं छापून आणली. त्यावर माझ्या नावाखाली 'मालक' असा शब्द होता. मी रात्रीचं जेवण होईपर्यंत एकेक कार्ड घेऊन तो शब्द पेनाने खोडत बसलो.

"मग मालक कोण आहे?" तिने विचारलं.

"बरं दिसत नाही ते," मी म्हणालो.

पहिलं काम मुरूडच्या एका लॉजवर मिळालं. लॉजवाल्याने विचारलं, एसीला काय झालंय? मला दिसत होतं काय झालंय ते. तरी तोंडातून बाहेर पडलं, "शेठला विचारून सांगतो." तो म्हणाला, विचारा. आता आली का पंचाईत! मी बाहेर जाऊन एका माडाआड उभा राहिलो, बंद फोन कानाला लावला आणि समुद्राकडे बघून "हो शेठ, बरं शेठ" असं बडबडलो. परत येऊन म्हणालो, "शेठ म्हणतात गॅस भरावा लागेल." लॉजवाला लगेच तयार झाला. झालं, मला चटकच लागली.

चार महिने हे चाललं. माझ्या शेठला हळूहळू गुडघेदुखी झाली, तापट स्वभाव आला. मला वेळ काढायचा असला की ते मांडव्याहून बोटीने मुंबईला जायचे. काम सगळं मी करत होतो आणि मान त्या हवेतल्या माणसाला देत होतो. लाज वाटायची सोडून मला त्यात मजा वाटायला लागली होती, थू!

मे महिन्यात कोळीवाड्यातल्या एका मावशीचा फोन आला. मासळी विकणारी विधवा बाई. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा विकायला म्हणून तिने मोठ्या फ्रीजरमध्ये कोळंबी आणि सुरमई भरून ठेवली होती. त्या दोन महिन्यांत घर त्यावर चालायचं. आणि फ्रीजर सकाळपासून बंद पडला होता.

मी बटण दाबलं. 'टक्' असा आवाज आला, थोडी घरघर झाली आणि पुन्हा सगळं गप्प. रिले गेला होता, म्हणजे कॉम्प्रेसरला पहिला धक्का देणारा एवढासा भाग. खाऱ्या हवेने त्याचे पाय खाल्ले होते. नवा रिले माझ्या पिशवीत होता. दहा मिनिटांचं काम.

"काय झालंय रं, पोरा?"

मी आतल्या मालाकडे बघितलं आणि माझं अवसान गळालं. आपण म्हणायचं रिले आणि निघायचं भलतंच, तर? "शेठला विचारून सांगतो," म्हणून मी घरामागे बोंबील वाळत घातले होते तिथे गेलो. त्या दिवशी शेठही घाबरले. घाबरणारच, तेही मीच ना! परत येऊन सांगितलं, "शेठ स्वतः बघतील म्हणाले. परवा."

"परवा? तवर माल बर्फात टाकू का?"

टाका म्हणायला हवं होतं. पण एवढंसं उत्तरही मला स्वतःच्या जबाबदारीवर देववेना. "शेठ म्हणाले, झाकण उघडू नका. थंडी टिकते."

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो, शेठना ताप आलाय ही थाप तयार ठेवून. वास गल्लीच्या तोंडाशीच आला. अंगणात चार बादल्या भरून ठेवल्या होत्या. कोळंबीचा काळा रेंदा झाला होता, सुरमईची पोटं फुटली होती आणि त्यावर माशा घोंगावत होत्या. मावशी नाकाला पदर बांधून बसली होती. मी शिव्या खायच्या तयारीने उभा राहिलो.

"तुजा काय दोष रं?" ती म्हणाली. "तू पडलास नोकर मानूस. त्या शेटला आण हितं. त्याचं थोबाड बुडवते या बादलीत."

वर तिने सुनेला चहा टाकायला सांगितला. मी त्या बादल्यांशेजारी बसून तो चहा प्यायलो. "व्हय मावशी, शेठ तसेच आहेत," असंही म्हणालो. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"अशा मानसाकडं राहू नको, पोरा. सोताचं कायतरी चालू कर."

मी कप खाली ठेवला.

"मावशी, शेठ न्हाय. कुनीच न्हाय. मीच हाय."

तिला समजायला वेळ लागला. मग शेठला घातलेल्या सगळ्या शिव्या तिने पहिल्यापासून पुन्हा घातल्या, या वेळी मला, आणि त्यात नव्या पुष्कळ होत्या. गल्ली गोळा झाली. मी मान वर ठेवून ऐकल्या. दम संपल्यावर तिने विचारलं, "अजून पंधरा दिस होड्या जातील, माल पुन्ना भरता यील. ह्यो फ्रीजर चालू व्हईल का?"

माझा हात आपोआप खिशातल्या फोनकडे गेला. त्या हाताचा मला आजही राग येतो. मी तो रिकामाच खिशाबाहेर काढला.

"व्हईल. रिले गेलाय. आत्ता बसवतो."

दहाच मिनिटं लागली. फ्रीजर घुमायला लागला. मावशी झाकणावर हात ठेवून जरा वेळ ऐकत राहिली.

"म्हंजे परवाच झालं असतं?"

"व्हय."

या वेळी तिने शिवी दिली नाही. एक बादली उचलून माझ्या हातात दिली, फावडं दिलं, आणि किनाऱ्यावरच्या पुळणीकडे बोट दाखवलं. चारही बादल्यांतला माल मी एकट्याने वाळूत पुरला.