पेशी कोणत्या तारखेची?

जिवाणू आपल्या पेशीभोवतीची भिंत कसे बांधतात, यावर मी अमरावतीला पीएचडी करते. ‘पेशीभित्तिका’ हा शब्द बार्शीटाकळीत, आमच्या आईला, मी एकदाच ऐकवला. तिनं तो निवडून-पाखडून सुटसुटीत केला आणि गावभर वाटला : “आमची पोरगी पेशीच्या भिंतीचं पाहून रायली अमरावतीले!”

पाहण्यासारखं आहेही. जिवाणूला वाढायचं तर स्वतःचीच भिंत जागोजागी तोडून तिथं नवा माल भरावा लागतो, तोही घर न पडू देता. तोडणं पुढे गेलं आणि भरणं मागे राहिलं की गडी फुटतो. अशा फुटलेल्यांचे फोटो काढण्यात माझी तीन वर्षं गेली.

मागच्या खेपेला घरी गेले, तर शेजारची खाला आलीच नाही. तिच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. एरवी मी बॅग खाली ठेवायच्या आत ती दारात उभी असते. दोन दिवस झाले तरी पत्ता नाही.

“महिना झाला, बोलतच नाई,” आई म्हणाली. “माह्यं काय चुकलं काय मालूम.” तिचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. मलाही फार वाईट वाटलं. अर्धं लहानपण मी खालाच्या ओट्यावर काढलंय.

तिसऱ्या दिवशी नळावर गाठलीच. मी काही बोलायच्या आत तिनंच खालमानेनं विचारलं, “बेटी, पेशी कोणत्या तारखेले हाये?”

मला भरून आलं. माझ्या संशोधनाची एवढी चौकशी सख्ख्या मामानं केली नव्हती! दर सहा महिन्यांनी आम्हाला समितीपुढे उभं राहावं लागतं, तेच ती विचारतेय असं मी धरून चालले.

“सोमवारी. चार साहेब समोर बसतात. उलटसुलट विचारतात.”

“अन् तुयाकडून कोण बोलते?”

“आमच्या मॅडम हायेत न. पण पुरावे मलेच दाखवा लागतात. भिंतीचे फोटो काढून ठेवले मी.”

“फोटो बी काढले?” खालाचा हंडा भरून वाहत होता, तिला शुद्ध नव्हती.

संध्याकाळी ती आणि तिचा नवरा, म्हणजे आमचे चाचा, दोघं आमच्या घरात हजर. गाद्या भरता भरता उठून आलेले चाचा, बाहीला कापूस तसाच. त्यांनी आईपुढे हात जोडले. “भाभी, कोर्टात नका जाऊ. नवी भिंत घातली तवा ईतभर तुमच्याकडं सरकली. गवंड्याले मीच तसं सांगतलं होतं. पाडून देतो. पण पेशी वापस घ्या.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे पेशी म्हटलं की आधी आठवते ती कोर्टाची तारीख. पेशी, भिंत आणि अमरावती एका वाक्यात घालून आईनं महिनाभर घरोघरी स्वतःच्या शेजाऱ्यावर दावा ठोकला होता! मी हसत सुटले. मग जिवाणू, सूक्ष्मदर्शक, समिती, सगळं सांगितलं.

चाचांनी नीट ऐकून घेतलं. “इतकुसा जीव, अन् त्याले बी भिंत लागते?”

खाला मात्र हसेना. “पण आपली भिंत तर सरकलीच न,” ती म्हणाली.

आई चहा गाळत होती. वर न बघता म्हणाली, “मले तवाच दिसलं होतं. तुया सासूची खाट मावत नवती तिथं. बुढीले कुठं टाकली असती?”

खाला मटकन खाली बसून रडायला लागली. “चहा घे पयले,” म्हणून आई तिच्यावर खेकसली. मग स्वतःच रडली.

मी आमच्या बाजूनं त्या भिंतीकडे पाहिलं. तिथलं कपाट आईनं आडवं फिरवून ठेवलं होतं, कारण सरळ ते आता बसत नव्हतं. दोन वर्षं तसंच होतं. केसाच्या हजाराव्या भागाइतकी भिंत मोजणारी मी, येता-जाता त्या कपाटाला अडखळायचे आणि आईलाच म्हणायचे, तुला घर कसं लावावं ते कळत नाही.