मामेसासऱ्यांचा कप्तानाशी अबोला

अख्ख्या जबलपुरात फुटबॉल कळणारा एकच माणूस आहे, असं माझ्या मामेसासऱ्यांचं ठाम मत आहे, आणि तो माणूस कोण हे ते केवळ विनयापोटी सांगत नाहीत. त्यांनी स्वतः आयुष्यात एकदाच चेंडूला पाय लावला. तोही चेंडू अंगावर आला म्हणून, आणि तेव्हाही चेंडूपेक्षा त्यांची चप्पल लांब गेली. पण शहराच्या गढा भागातल्या आमच्या मोहल्ल्याच्या संघाचे ते कितीतरी वर्षं मॅनेजर आहेत. नोकरीत असताना ते संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात तपासनीस होते. तयार झालेल्या प्रत्येक नगात खोट काढायची त्यांना सरकारी परवानगी होती. तीच परवानगी निवृत्तीनंतरही चालू आहे अशा समजुतीने ते वागतात. सामन्याआधी अकरा जणांना ओळीत उभं करून ते प्रत्येकाची लेस, नखं आणि जीभ तपासतात. जीभ काहून, असं एका नव्या गोलकीपरने भीत भीत विचारलं, तेव्हा पोट साफ नसलेला माणूस डावीकडे झेपावत नाही, असं उत्तर मिळालं. त्या दिवशी आमच्यावर दोन्ही गोल डावीकडून झाले. तेव्हापासून कोणी काही विचारत नाही, सगळे निमूट जीभ काढतात.

सामना सुरू असताना ते बसत नाहीत. मॅनेजर बसला की संघ बसतो, असं त्यांचं म्हणणं. मिटलेली छत्री हातात घेऊन ते रेषेच्या कडेने चेंडूबरोबर चालत राहतात, आणि ती छत्री आजवर दोनदा लाइन्समनला लागलेली आहे. घरात ते मराठी बोलतात, मैदानावर हिंदी, आणि संघ हरायला लागला की इंग्रजी. त्यामुळे मैदानाबाहेर पानाच्या टपरीवर उभ्या असलेल्या माणसालाही आत काय चाललंय ते नुसतं ऐकून कळतं. मी लग्नानंतर नागपूरहून इथे बदली करून घेतली. लग्नात आशीर्वाद द्यायला आले तेव्हा त्यांनी माझे खांदे चाचपले आणि मागे वळून सांगितलं की हा गोलमध्ये चालेल. मी गोलमध्ये चाललो नाही. मग त्यांनी मला संघाचा सेक्रेटरी केलं. म्हणजे ते सांगतील ती यादी लिहायची, आणि ते रेफरीला जे बोलले ते रेफरीला सभ्य भाषेत पुन्हा सांगायचं.

या तपासनिसाच्या नजरेतून एकच नग बिनखोट सुटला होता, तो म्हणजे आमचा कप्तान. रेल्वेत नोकरी, मामेसासऱ्यांच्याच गल्लीत समोरासमोर घर. मिसरूड फुटलं तेव्हा संघात आला आणि चाळिशी ओलांडली तरी गोलसमोरची शेवटची जागा त्याचीच होती. पळण्यात तो कधीच मोठा नव्हता, पण चेंडू कुठे येणार ते त्याला चेंडूच्या आधी कळायचं. आता मात्र त्याचा उजवा गुडघा वाजायला लागला होता. कॉर्नरच्या वेळी सगळे शांत झाले की तो आवाज स्पष्ट ऐकू यायचा. मामेसासरे म्हणायचे, वाजणारं यंत्र चालू असतं, बंद पडलेलं वाजत नाही. ओळीत सगळ्यांच्या जिभा बघून झाल्या की कप्तानापाशी ते नुसते थांबायचे, त्याच्या खांद्यावरची नसलेली धूळ झटकायचे आणि पुढे जायचे.

गेल्या हिवाळ्यात शहरातल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आमचा संघ पहिल्यांदाच पोचला. आदल्या दिवशी दुपारी मामेसासरे यादी सांगत होते आणि मी लिहीत होतो. पहिलं नाव अर्थातच कप्तानाचं. अकरावं नाव लिहून होतंय तोच कप्तानाची बायको आली. ती कधी नुसती अशी येत नाही. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली, मग तिने सांगितलं की डॉक्टरांनी खेळ पूर्ण बंद करायला सांगितलाय, आता गुडघ्याला एक जोराचा मार बसला तर जन्मभर काठी लागेल, आणि तो कागद यांनी दिवाणाच्या गादीखाली लपवून ठेवलाय.

"काकाजी, ते माझं ऐकत नाहीत, तुमचंही ऐकणार नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही उतरवलंच नाही तर काय करतील? पण मी आली होती हे त्यांना कधी सांगू नका."

मामेसासऱ्यांनी तिला चहा घ्यायला लावला, मुलांच्या परीक्षेची चौकशी केली. ती गेल्यावर ते खिडकीतून समोरच्या घराच्या दाराकडे बघत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जावईबापू, पहिलं नाव काटा."

दुसऱ्या दिवशी मैदानावर मी यादी वाचली तेव्हा कप्तान हसला. मी एक ओळ गाळली असं त्याला वाटलं. मी पुन्हा वाचली. मग तो मामेसासऱ्यांपुढे जाऊन उभा राहिला आणि आपलं काय चुकलं ते विचारू लागला. मामेसासरे आभाळाकडे बघत म्हणाले की वय झालं. सगळा संघ ऐकत होता, प्रेक्षकांतली पहिली रांगही ऐकत होती. कप्तानाने दंडावरची पट्टी काढून त्यांच्या हातात दिली.

"आज बसवलं तर मी या मैदानात पुन्हा पाय ठेवणार नाही," तो म्हणाला.

"मग छत्री घेऊन जा," मामेसासरे म्हणाले. "बाहेर ऊन आहे."

आम्ही एका गोलने हरलो. गोल कप्तानाच्याच मोकळ्या जागेतून झाला, आणि मामेसासरे त्यानंतर कुठल्याच भाषेत काही बोलले नाहीत.

पुढचे सात महिने गढ्यात त्यांचं जगणं कठीण झालं. न्हावी दाढी अर्धी झाल्यावर विषय काढायचा. कमानिया गेटजवळ भाजी घेताना कोणीतरी अनोळखी माणूस त्यांच्याकडे बघून मान हलवून जायचा. एकदा ते ग्वारीघाटावर नावेत बसले, तर नाववाल्याने बरोबर नर्मदेच्या मधोमध वल्ही थांबवून, "दादा, कप्तान को काहे बैठा दिए?" असं विचारलं. तिथून उतरून जाण्याची सोय नव्हती. घरी मामेसासूबाईसुद्धा त्यांना पोळी वाढताना ताटात जरा आवाज करून टाकायच्या. मला खरं काय ते माहीत होतं, पण माझ्याकडून त्यांनी शपथ घेतली होती, आणि वर बजावलं होतं की चेहऱ्यावरही दिसता कामा नये. मी चेहरा सांभाळत हिंडत होतो. ऑफिसात लोकांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली.

समोरासमोरची दारं असल्यामुळे अबोला पाळणं दोघांनाही फार कष्टाचं होतं. एक जण बाहेर पडला की दुसरा काहीतरी विसरल्यासारखा आत जायचा. सणावाराला मामेसासूबाई समोर डबा पाठवायच्या, तो घासून, दुसरं काहीतरी भरून परत यायचा. कप्तान आपल्या शब्दाला जागला, मैदानात पाय ठेवला नाही. मात्र सराव सुरू झाला की त्याची मोटारसायकल मैदानाच्या भिंतीबाहेर उभी राहायची आणि भिंतीवरून त्याचं डोकं दिसायचं. मामेसासऱ्यांनी एकदाही तिकडे पाहिलं नाही. फक्त आठवडाभराने त्यांनी सराव मैदानाच्या मधून हलवून त्या भिंतीलगत आणला. तिकडे हवा चांगली आहे, असं कारण दिलं. तिकडे नाला आहे.

शेवटी कप्तानाच्या बायकोलाच राहवलं नाही. तिने नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. आता हा येऊन काकाजींच्या पाया पडेल असं तिला वाटलं. तो आला, पण ताडताड आला. मी तिथे बसलोच होतो. सात महिने खोटं भांडण झालं, खरं त्या दिवशी झालं. बायकोच्या सांगण्यावरून मला बसवलं, माझी कीव केली, लोकांत मी तोंड कसं दाखवू, असं तो म्हणत होता. म्हातारा झालो म्हणून काढलं असतं तर सहन केलं असतं, असं म्हणताना त्याचा आवाज फाटला.

मामेसासऱ्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला.

"तुझी बायको आली तेव्हा यादी लिहून झाली होती," ते म्हणाले. "तुझं नाव नव्हतंच त्यात. तू दोन वर्षांपासून उशिरा वळून राहिला. मी मॅनेजर आहे, मला दिसत नाही का? विचार यांना."

कप्तानाने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, नव्हतं. माझ्या चेहऱ्याने त्या दिवशी मला पहिल्यांदा साथ दिली. कप्तान खुर्ची ओढून बसला आणि मामेसासूबाईंनी न विचारता त्याच्यापुढे चहा ठेवला. उशिरा म्हणजे किती उशिरा, यावर पुढचा तासभर दोघांची वादावादी झाली.

आता कप्तान बचावफळीला शिकवतो. मामेसासऱ्यांच्या डोळ्यांना मात्र लांबचं फारसं दिसत नाही. ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही. सामन्याला ते येतात आणि आता बसतात. शेजारी कप्तान बसून त्यांना खेळ सांगतो, आणि मामेसासरे, स्वतःला दिसत नसताना, त्याचं सांगणं चूक आहे असं ठासून सांगतात. गेल्या रविवारी मी त्यांच्या मागेच बसलो होतो. गोलसमोरच्या जागेवर एक नवा भिडू उभा होता, चांगला उंच आणि चपळ. मामेसासऱ्यांनी विचारलं, मधे उभा आहे तो कसा आहे? कप्तानाने प्रामाणिकपणे थोडा वेळ पाहिलं.

"चांगला आहे, काकाजी. माझ्याहून जलद वळते."

"वळत असेल," मामेसासरे म्हणाले. "तुझ्यासारखा कुठून असणार?"

मामेसासरे समोरच्या धूसर हिरव्याकडे बघत होते. जरा वेळाने, आपण फार बोलून गेलो असं वाटून, ते म्हणाले की हवेतला चेंडू मात्र तुला कधीच जमला नाही. कप्तान हो म्हणाला, आणि पुढचा खेळ सांगू लागला.