बारीक आलं की

दोन हजार बावीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि कोल्हापुरात आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्या अक्का बासष्टच्या. पीठ पडायला लागलं की अक्का त्या धारेखाली हात धरायच्या, चिमूटभर पीठ अंगठ्यानं बोटावर चोळायच्या आणि एकच शब्द बोलायच्या. ‘भरड’, नाहीतर ‘बारीक’. भरड म्हणाल्या की चक्की आवळायची. बारीक म्हणाल्या की काम फत्ते.

गिरणीबाहेरही त्यांचं मोजमाप हेच. माझ्या सायकलच्या टायरला चिमटा काढून म्हणायच्या, “भरड हाय आण्णा, हवा मारा.” एकदा गल्लीत एका पुढाऱ्याचं भाषण झालं. अक्कांनी तिथंच दोन बोटं चोळून दाखवली. काय म्हणाल्या असतील ते तुम्हीच ओळखा.

मी दुसरी शिकलेला. चाळीस वर्षं सायकलला दुधाचे कॅन लावून हिंडलो. त्यामुळं आमच्या रविवारच्या सायकलवाल्यांत डॉक्टर असो की वकील, सायकलीतलं मला कुणी शिकवलेलं मी खपवून घेत नाही. अक्का ह्या गटात आल्या त्या मुलामुळं. मुलाचा टेम्पो होता. बसून बसून पोट सुटलं म्हणून त्यानं गिअरची सायकल घेतली. पोट होतं तिथंच राहिलं आणि सायकलीवर टॉवेल वाळायला लागले. एक दिवस अक्कांनी टॉवेल काढले, पदर खोचला आणि सायकल रस्त्यावर आणली.

पाऊस संपला की आमचा गट देवगडला जायचा. गगनबावड्यावरून करूळ घाट उतरायचा, वाटेत मुक्काम करायचा, पुढचं चाक समुद्रात घालून फोटो काढायचा. येताना सायकली अक्कांच्या मुलाच्या टेम्पोत. सगळे असंच करायचे. अक्का पहिल्यांदा आल्या तेव्हा समुद्रात घोटाभर पाण्यात उभ्या राहून त्यांनी विचारलं, “आणि घाट चढायचा कुणी?”

डॉक्टर हसले. “अक्का, चढायला टेम्पो आहे ना.”

“निम्मं दळून डबा घरी न्यायचा व्हय?” अक्का म्हणाल्या.

मुलगा तापला. आईनं सायकल चालवणं त्याला आधीच पटत नव्हतं. सगळ्यांसमोर म्हणाला, “आई, पायडल मारत घाट चढलीस तर सायकलीवरनं जन्मात एक शब्द बोलणार न्हाय. पण ढकलत आणलीस, न्हायतर टेम्पोत बसलीस, तर घरी गेल्या गेल्या सायकल विकणार.”

“थांबलं तर चालंल?”

“थांब की. ढकलायचं न्हाय.”

“चक्कीची शपथ घे.”

त्यानं घेतली. बाकीच्यांनी सायकली टेम्पोत चढवल्या. मी चढवली नाही. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण माझ्यादेखत कुणी घाट चढावा आणि मी टेम्पोत बसून केळी खावीत, हे मला जमणारं नव्हतं.

कोकणातला रस्ता समुद्र सोडला की सरळ असतो असं समजू नका. लाल मातीचा चढ, मग उतार, परत चढ. कलमांच्या बागा मागं पडत गेल्या. अक्का एका लयीत पाय मारायच्या, जोर नाही, घाई नाही. मला म्हणाल्या, “आण्णा, चक्की हळू फिरू द्या. पण दगड रिकामा फिरवू नका.” पायथ्याला मुक्काम केला आणि उजाडताच घाटाला लागलो.

दोन तरणी पोरं रंगीत कपड्यांत सूं करून पुढं गेली. मला राग आला. अक्का म्हणाल्या, “जाऊ द्या त्यांना. त्यांचा डबा लहान हाय.” चार वळणांनंतर ती पोरं कठड्यावर बसून धापा टाकत होती. अक्कांनी घंटी वाजवली, एवढंच.

टेम्पो मागून गुरगुरत येत होता. मुलगा खिडकीतून म्हणायचा, “आई, पाय कापायलेत तुझं.”

“तू तुझी नजर रस्त्यावर ठेव!”

शेवटच्या मोठ्या वळणावर मात्र अक्का थांबल्या. एक पाय जमिनीवर, मान खाली. बराच वेळ झाला. मी बाटली पुढं केली, ती घेतली नाही. मला वाटलं, झालं, गेली सायकल. मुलगा गुपचूप खाली उतरला आणि मागं जाऊन सायकल चढवायला त्यानं टेम्पोची फळी खाली पाडली. धाडकन आवाज झाला.

अक्कांनी मान वर केली.

“ती फळी वर कर,” त्या म्हणाल्या. “धान संपल्यालं न्हाय अजून.”

आणि पायडल मारलं. सायकल आधी डगमगली, मग सरळ झाली. टेम्पोतले सगळे खाली उतरून मागून पळत ओरडायला लागले. डॉक्टरांनी तर शिट्टी मारली. घाटमाथ्यावरच्या टपरीपाशी गार वारा लागला तशा अक्का थांबल्या, घामानं भिजलेला हात हवेत धरून त्यांनी बोटं चोळली.

“बारीक आलं की!”

लोक म्हणतात मी मागं पडलो होतो. खोटं आहे. मी लक्ष ठेवायला मागं होतो. मुलगा टेम्पोतून उतरला. त्यानं स्वतःच्या रुमालानं आईच्या सायकलीची चेन पुसली. तिथून कोल्हापूरपर्यंत तो टेम्पो हॉर्न वाजवत आमच्यापुढं चालला, वरातीपुढं बँड चालतो तसा.

आता मुलानं इचलकरंजीला घर केलंय, अक्काही तिकडंच. गिरणीच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. अक्का फोनवर कुरकुरतात, “आण्णा, हितं समदं सपाट हाय की. भरड जिणं.” पण मला त्या आठवतात त्या घाटाच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या.

त्या सकाळी मी ज्वारीचा डबा कॅरिअरला बांधून गिरणीवर गेलो. शटर बंद. वीस वर्षांत ह्या वेळी ते बंद बघितलं नव्हतं. म्हटलं, बाई अंथरुणाला खिळली. तेवढ्यात मुलगा दात घासत बाहेर आला.

“अक्का कुठं हायत?”

“पन्हाळ्याला गेली. सायकल घेऊन. मला विचारलं बी न्हाय.”

“मग तू काय बोललास?”

“बोलायचं न्हाय ठरलंय की,” तो म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना.

मी डबा सोडला, बंद शटरपुढं पहिल्या नंबरला ठेवला आणि सायकल पन्हाळ्याच्या रस्त्याला घातली.